धर्म बदलला, पण अभंग सोडला नाही. चर्चमध्ये टाळ-मृदंग नेणाऱ्या रेव्हरंड टिळकांची गोष्ट

आषाढी एकादशी आली की बजाजनगरचं चित्र बदलतं. एरवी शिफ्टच्या भोंग्यावर चालणारी ही कामगारांची वसाहत. पण त्या दिवशी शेजारच्या छोट्या पंढरपुरात छत्रपती संभाजीनगरातून दिंड्या येतात. नगर रोडवर टाळ-मृदंगाचा आवाज घुमतो. रात्रपाळी करून आलेली पोरंसुद्धा दर्शनाच्या रांगेत दिसतात.

आता हाच नगर रोड धरून सरळ पुढे जा. कायगाव टोका लागतं, प्रवरासंगम लागतं, मग नेवासा फाटा. याच नेवाशात ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली. आणखी पुढे वडाळा लागतं, तिथे अमेरिकन मिशनचं जुनं ठाणं आहे. आणि शेवटी नगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर.

या नगरच्या जुन्या चर्चमध्ये तुम्ही रविवारी गेलात तर एक गोष्ट कानाला लगेच जाणवेल. प्रार्थना येशूची आहे, पण चाल आपल्या भजनाची. शब्द तुकोबांच्या वळणाचे. सोबतीला पेटी, तबला, झांजा.

ख्रिस्ती प्रार्थनेत हा मराठी सूर भरणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव एका चित्पावन ब्राह्मणाचं आहे. आडनाव टिळक. पण ते लोकमान्य नाहीत, हे नारायण वामन टिळक. मराठी कवितेत त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात आणि चर्चमध्ये रेव्हरंड टिळक.

या माणसाने धर्म बदलला तेव्हा त्यांचा संसार मोडायची वेळ आली होती. जातवाल्यांनी संबंध तोडले होते. आणि आयुष्याच्या शेवटी, ज्या मिशनने आसरा दिला होता त्या मिशनच्या पगारावरही त्यांनी पाणी सोडलं होतं.

नेमकं काय झालं होतं, सुरुवातीपासून बघू.

घर सोडून निघालेला मुलगा

नारायण वामन टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१चा. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. वडील वामनराव स्वभावाने तापट, आई जानकीबाई देवभोळी आणि कवितेची आवड असलेली. पोराला कवितेचं वेड लागलं ते आईकडून.

आई लवकर गेली. वडिलांशी पटेना. मग हा मुलगा घर सोडून निघाला आणि नाशिकला पोचला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. शाळेचं शिक्षण अर्धवटच राहिलं, पण संस्कृत असं पक्कं झालं की पुढे आयुष्यभर त्याच शिदोरीवर पोट भरलं.

१८८०च्या सुमारास लग्न झालं. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची, नाव मनकर्णिका, वय अकराच्या आसपास. लग्नानंतर ती लक्ष्मीबाई झाली.

या लक्ष्मीबाईंचं माहेर म्हणजे सोवळ्याचा कळस. वडिलांनी सोवळं इतकं कडक केलेलं की बाजारातून आलेला किराणासुद्धा धुऊन घरात घ्यायचे. असल्या घरात वाढलेली मुलगी. पुढे तिच्यावर काय वेळ येणार आहे, हे लक्षात घ्यायचं तर ही गोष्ट ध्यानात ठेवा.

संसार सुरू झाला, पण नवरा एका जागी टिकेना. आज इथे मास्तर, उद्या तिथे. सांगून जाणं हा प्रकारच नव्हता. पैसा हातात आला की दुसऱ्याची नड आधी, घर नंतर. चूल पेटवायची कशी हा प्रश्न कायम लक्ष्मीबाईंचा. राग मात्र दोघांनाही टिकवता यायचा नाही. भांडण झालं की तासाभराने दोघंही हसत असायचे.

पुढे टिळक नागपुरात आले. आप्पासाहेब बुटी या धनिकाकडे संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचं काम मिळालं. 'ऋषी' नावाचं मासिकही त्यांनी चालवलं. विद्वान म्हणून नाव व्हायला लागलं होतं.

रेल्वेच्या डब्यात भेटलेला माणूस

टिळकांच्या डोक्यात या काळात एक वेगळीच घालमेल सुरू होती. जातिभेद त्यांना पटत नव्हता. देश गुलाम का झाला, माणूस माणसाला शिवत का नाही, देव सगळ्यांचा एक असेल तर मग हे असं का, असे प्रश्न. सगळ्यांना समान मानणारा धर्म असावा असं त्यांना वाटायचं. असा धर्म कसा असेल याचे नियमसुद्धा त्यांनी स्वतःपुरते ठरवून ठेवले होते.

१८९३च्या सुमाराची गोष्ट. टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते, तिथल्या संस्थानात नोकरी होती. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा संस्कृत कवितेवरून सुरू झाल्या आणि धर्मावर आल्या. उतरताना त्या गृहस्थांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हातात ठेवली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही सांगून टाकलं.

टिळकांना ते बोलणं फार मनाला लागलं नाही. पण पुस्तक वाचायचं वचन दिलेलं, म्हणून वाचायला घेतलं. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं डोंगरावरचं प्रवचन आलं आणि ते तिथेच थांबले. शत्रूवर प्रेम करा, नम्र असा, दुसऱ्याच्या चुका मोजू नका. आपण जे नियम शोधत होतो ते इथे आधीच सांगून ठेवलेत, असं त्यांना वाटलं.

पण लगेच बाप्तिस्मा घेतला असं नाही. आधी नाव लपवून एका ख्रिस्ती नियतकालिकाशी पत्रव्यवहार केला. शंका विचारल्या, वाद घातले. बायकोला काय वाटेल, मुलाचं काय होईल, या विचाराने पाय मागे यायचा.

शेवटी १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. रेल्वेतल्या भेटीला तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

नवरा जिवंत, पण गेल्यासारखा

आज कुणी धर्म बदलला तर सोशल मीडियावर दोन दिवस गदारोळ होतो आणि तिसऱ्या दिवशी लोक दुसऱ्या विषयाकडे वळतात. १८९५ला तसं नव्हतं. ब्राह्मण घरातला कर्ता पुरुष ख्रिस्ती झाला म्हणजे तो घरासाठी मेल्यात जमा. त्याच्या हातचं पाणी चालत नाही, त्याच्या घरात पाय ठेवता येत नाही. बायको धड सवाशीण नाही, धड विधवा नाही.

लक्ष्मीबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्या आसपास. पदरात दत्तू, म्हणजे देवदत्त, जेमतेम तीन-चार वर्षांचा. बातमी कळली आणि त्या कोसळल्या. नातेवाइकांनी सांभाळलं, पंढरपूरला बहिणीच्या घरी राहायला नेलं. विठोबाच्या गावात, नवरा असून नसल्यासारखी ही बाई दिवस ढकलत होती. लिहिता-वाचता यायला लागलं होतं ते नवऱ्यानेच शिकवलेलं. याच दुःखाच्या काळात त्यांच्या हातून कविता उतरायला लागली.

इकडे टिळक नगरला आले. मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवायला लागले. आणि बायकोला पत्रं लिहीत राहिले. त्या काळात धर्मांतर केलेल्या माणसाने दुसरं लग्न करणं काही फार अवघड नव्हतं. टिळकांच्या मनाला ते शिवलंही नाही. त्यांनी वाट पाहिली. एक-दोन नव्हे, चार-पाच वर्षं ही ताटातूट चालली.

मग लक्ष्मीबाईंनी निर्णय घेतला. नवऱ्याकडे जायचं, पण धर्म सोडायचा नाही. त्या नगरला आल्या. चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं जसंच्या तसं. टिळकांनी या गोष्टीला एकदाही नाट लावला नाही. ख्रिस्ती माणसाच्या घरात ब्राह्मणी स्वयंपाकघर नांदत होतं, आणि त्याची व्यवस्था स्वतः नवरा बघत होता.

पुढे राहुरीला असताना लक्ष्मीबाईंच्या मनात चक्र फिरलं. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसाच्या अंगावर तशी काही खूण ठेवली असती. ती दिसत नाही, म्हणजे हे माणसाचंच काम. हा हिशेब त्यांचा त्यांनी मांडला. कुणी प्रवचन दिलं नव्हतं. विचार पक्का झाल्यावर त्या दुसऱ्या जातीच्या माणसाच्या हातचं पाणी प्यायल्या. किराणा धुऊन घेणाऱ्या घरातली मुलगी होती ती. नुसतं एक भांडंभर पाणी, पण ते ओठाला लावायला त्यांना सगळं बालपण ओलांडावं लागलं.

१९०० साली लक्ष्मीबाईंनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला.

चर्चमधला परका सूर

आता टिळकांच्या खऱ्या कामाकडे येऊ.

अमेरिकन मिशनरी मुंबईत १८१३ला आले आणि नगरला १८३१ला. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले. १८४२ला नगरहून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केलं. मराठीत ख्रिस्ती लेखन करणारे लोकही तयार झाले. बाबा पदमनजींनी १८५७ला 'यमुनापर्यटन' लिहिलं, ते मराठी कादंबरीच्या सुरुवातीचं पुस्तक मानलं जातं. पंडिता रमाबाईंचं नाव तर सगळ्यांना माहीत आहे.

पण चर्चमध्ये जे गायलं जायचं त्यात एक मोठी अडचण होती. बरीचशी गाणी इंग्रजीवरून मराठीत आणलेली. चाली इंग्रजी. इंग्रजी चालीत जोर ठरावीक ठिकाणी येतो, मराठी शब्दाचा तोल वेगळा असतो. त्यामुळे शब्द ताणावे लागायचे, तोडावे लागायचे. नेवासा, राहुरीकडच्या खेड्यातला शेतकरी किंवा महारवाड्यातली म्हातारी ही गाणी पाठ करायची, पण ती आतून यायची नाहीत. घरी जात्यावर बसली की तिच्या तोंडात ओवीच यायची.

टिळकांना हे खटकलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. येशू हा मुळात आशियातला, पूर्वेकडचा. मग महाराष्ट्रात येताना त्याने इंग्रजी कोट का घालून यावं? इथल्या माणसाला देव कळतो तो अभंगातून, ओवीतून, कीर्तनातून. तर मग त्याच वाटेने त्याला येऊ दे.

हा विचार अगदीच नवा होता असं नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६मध्येच 'ख्रिस्तपुराण' छापलं होतं, तेही मराठी ओवीत. नगरकडे ख्रिस्ती कीर्तनं टिळकांच्या आधीपासून होत होती. पण टिळकांनी ही वाट राजरस्ता केली, कारण ते मुळात अस्सल कवी होते. भाषांतर करून त्यांचं भागणारं नव्हतं.

त्यांनी अभंग लिहिले, पदं लिहिली, भजनं लिहिली, आरत्या लिहिल्या. मराठी चर्चमध्ये आजही 'उपासना संगीत' नावाचं गीतांचं पुस्तक वापरतात. त्यातली दोनशेहून जास्त गीतं एकट्या टिळकांची आहेत. 'अभंगांजली' हा त्यांचा अभंगांचा संग्रह. त्यात ख्रिस्ताला हाक मारताना टिळक जे शब्द वापरतात ते वारकऱ्याच्या तोंडचे आहेत. देव आई आहे, गुरू आहे, सखा आहे.

आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामांच्या पुलावरून, असं टिळक उघडपणे सांगायचे. हे त्या काळात सोपं नव्हतं. धर्मांतर केलेल्या माणसाने जुनं सगळं टाकून द्यावं अशी अपेक्षा असायची. टिळकांनी जानवं उतरवलं, जात सोडली, पण ज्ञानोबा-तुकाराम सोडायला ते तयार नव्हते. ते आपल्याला वारशात मिळालेत आणि ख्रिस्ती झाल्याने वारसा जात नाही, असं ते मानत.

कवींच्या पंगतीत

टिळक फक्त चर्चचे कवी राहिले असते तर कदाचित बाकीच्या महाराष्ट्राला नावही माहीत झालं नसतं. पण आधुनिक मराठी कवितेची सुरुवात करणाऱ्या कवींची नावं घ्यायची झाली तर केशवसुत, टिळक, विनायक, गोविंदाग्रज, बालकवी अशी एका दमात घेतली जातात. त्या वेळच्या मराठी वाचकाने त्यांची जात-धर्म बाजूला ठेवून कविता वाचली, ही गोष्टही नोंद करण्यासारखी आहे.

फुलं, मुलं, पाखरं आणि घर हे त्यांच्या कवितेचे विषय. 'वनवासी फूल' हे त्यांचं दीर्घकाव्य. मुलगा गेल्यावर बापाला काय वाटतं यावर 'बापाचे अश्रू' लिहिलं. आपल्या बायकोवर एखाद्या पुरुषाने कौतुकाने कविता लिहायची हे तेव्हा चारचौघांत बोलायचीही सोय नव्हती, टिळकांनी 'माझी भार्या' लिहिली.

आणि एक कवी त्यांनी मराठीला सांभाळून दिला. १९०७ला जळगावला कवी संमेलन भरलं होतं. तिथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि सगळं संमेलन थक्क झालं. त्याला बालकवी ही पदवी तिथेच मिळाली. टिळकांनी या मुलातलं पाणी ओळखलं. पुढे त्याला नगरला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. घरची ओढाताण होतीच, पण लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं जपलं. रुसवेफुगवे काढले, खाऊ-पिऊ घातलं. निसर्गकवी बालकवी घडला त्यात या ख्रिस्ती घराच्या ओसरीचा वाटा मोठा आहे.

हे घर तसंही कधी रिकामं नसायचं. दुष्काळात आईबाप गेलेली पोरं, प्लेगने उघड्यावर आलेली माणसं, नवीन ख्रिस्ती झाल्यामुळे घरातून बाहेर काढलेले तरुण, सगळ्यांना इथे जागा. टिळक माणसं घेऊन यायचे आणि त्यांच्या ताटाची काळजी लक्ष्मीबाई करायच्या.

पगार सोडून दरबार

१९१२पासून टिळक 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचं संपादन बघत होते. नाव होतं, मान होता, मिशनची नोकरी होती. पन्नाशी उलटली होती. आता सुखाने बसायचं वय.

पण त्यांच्या मनात जुना प्रश्न पुन्हा डोकं वर काढत होता. इथला ख्रिस्ती माणूस कुणाच्या आधारावर उभा आहे? पाळकाला पगार परदेशातून, चर्चचे नियम परदेशी, निर्णय साहेबाच्या टेबलावर. बाहेरच्या माणसाला वाटायचं की ख्रिस्ती होणं म्हणजे साहेबाच्या बाजूचं होणं. टिळकांना ही गोष्ट टोचायची, कारण ते कडवे देशप्रेमी होते. भारतावर त्यांनी कविता लिहिल्या होत्या. ख्रिस्ती झालो म्हणून हिंदी असणं रतीभरही कमी झालं नाही, हा त्यांचा हट्ट होता.

मिशनऱ्यांशी त्यांचं वैर नव्हतं. कित्येक मिशनरी त्यांचे जिवाभावाचे मित्र होते. पण मैत्री वेगळी आणि आश्रित असणं वेगळं.

१९१७ला त्यांनी मिशनचा पगार सोडला. संन्यस्त वृत्तीने राहायचं ठरवलं आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. कल्पना अशी की ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणीही इथे यावं. बाप्तिस्मा घेतलेला असो की नसो. जात कुठली, पंथ कुठला, विचारायचं नाही. मोठी इमारत नाही, कमिटी नाही. भजन, चिंतन आणि सेवा.

मिशनमधल्या काही लोकांना हे रुचलं नाही. बाप्तिस्मा न घेतलेल्याला सोबत घ्यायचं म्हणजे शिस्त कुठे राहिली, अशी शंका होती. बाहेरच्यांना वाटलं हा धर्मप्रसाराचा नवा मार्ग. दोन्हीकडून टोचणी खात टिळक काम करत राहिले.

पण तब्येतीने साथ दिली नाही. आजार वाढला, मुंबईला उपचारांसाठी यावं लागलं. तिथेच ९ मे १९१९ला टिळक गेले. वय सत्तावन्न. दरबाराला जेमतेम दोन वर्षं मिळाली. तो त्यांच्यानंतर फार वाढला नाही.

उरलेलं काम कुणी केलं?

टिळक एक महाकाव्य अर्धवट ठेवून गेले होते. येशूचं चरित्र मराठीत, पुराणाच्या तोलाचं. नाव 'ख्रिस्तायन'. सुरुवातीचे काही अध्यायच हातून झाले होते.

ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. तब्बल ६४ अध्याय त्यांनी लिहिले. शाळेत न गेलेली, बाराखडी नवऱ्याकडून शिकलेली, एकेकाळी त्याच्या हातचं पाणीही न पिणारी ही बाई त्याचंच काव्य पूर्ण करत होती.

आणि दुसरं एक पुस्तक त्यांनी लिहिलं ते स्वतःचं. टिळकांचं चरित्र लिहायला आठवणी हव्यात म्हणून मुलाने, देवदत्तने, आईला लिहायला बसवलं. आईने जसं बोलायची तसं लिहिलं. १९३४पासून ते भागाभागाने पुस्तकरूपाने आलं. तेच 'स्मृतिचित्रे'. मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत त्याचं नाव आजही पहिल्या काहींत येतं. विजया मेहतांनी त्यावर केलेला चित्रपट आणि त्यातल्या सुहास जोशी जुन्या प्रेक्षकांना आठवत असतील.

गंमत अशी की आज रेव्हरंड टिळक लोकांना जास्त माहीत आहेत ते बायकोच्या या पुस्तकामुळे. त्यात ते मोठे संत म्हणून येत नाहीत. विसराळू, संतापी, उधळे, भोळे आणि शब्दाला जागणारे, असे ते भेटतात. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याला कुठेच सोडलं नाही आणि कुठेच लहानही केलं नाही.

टिळकांच्या धर्मांतराबद्दल आजही दोन बाजू भांडतात. एक बाजू म्हणते त्यांनी आपलं सोडलं, दुसरी म्हणते त्यांनी आपल्याकडचं पुरतं सोडलं नाही. ते हयात असतानाही हेच चालू होतं. त्यांनी वाद घालण्यापेक्षा गाणी लिहिली. वाद करणाऱ्यांची नावं गेली, गाणी राहिली.

म्हणून छोट्या पंढरपुरात दिंडी पोचते तेव्हा जे टाळ वाजतात आणि रविवारी नगरच्या चर्चमध्ये ज्या झांजा वाजतात, त्यांचा ठेका ऐकून बघा. देवाचं नाव वेगळं आहे. हाक मारायची रीत एकच आहे, आणि ती रीत नगर रोडच्या त्या टोकाच्या चर्चमध्ये रुजवण्यासाठी एका माणसाने आपलं घर, जात आणि शेवटी पगारसुद्धा पणाला लावला होता.